डिस्नीने स्वतःची एअरलाईन काढली तर चालेल का?

आभाळवेडी :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकते. डिस्नीकडे पार्क आहेत, हॉटेलं आहेत, बस आहेत, मोनोरेल आहे, १९९८ पासून तर स्वतःची जहाजं आहेत, मग विमानं का नाहीत? मला विमानांचं वेड आहे आणि दोन लहान मुलांची आई पण आहे मी, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी पडतो.

मागच्या वर्षी आम्ही ओरलँडोला, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डला, गेलो तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, घरूनच निळा झगा घालून निघालेली. विमानात बसल्या बसल्या तिने समोरच्या सीटचा खण उघडून बघितला, आत सेफ्टी कार्ड आणि उलटीची पिशवी, बास. मला म्हणाली, "आई, अजून सुरू नाही झालं का?" मी म्हटलं नाही गं, उतरल्यावर सुरू होईल. पण आजूबाजूला बघितलं तर निम्म्या सीटवर तशीच पोरं, कोणी मिकीच्या कानांची टोपी घातलेली, कोणी तलवार घेऊन आलेलं आणि ती सिक्युरिटीला काढून घेतली म्हणून रडणारं. म्हणजे गिऱ्हाईक तर आधीच विमानात बसलेलं आहे ना, फक्त विमान दुसऱ्याचं आहे.

माझ्या मनात असं येतं की वीस-पंचवीस विमानं घ्यावीत, फक्त ओरलँडो आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडच्या अनाहाइमला उडवावीत, मुलांच्या मापाचं खाणं, क्रूला पोरांशी बोलायचं खास ट्रेनिंग, बॅग घराजवळच्या विमानतळावर दिली की थेट हॉटेलच्या खोलीत. तिकीट थोडं महाग असलं तरी मी देईन आणि माझ्यासारखे खूप जण देतील असं मला मनापासून वाटतं. ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांनी सांगा, चालेल का हे? आणि नसेल चालणार तर नेमकं कुठे अडेल?

बेल्टलोडर :

ताई, प्रश्न फार आवडला. मी अकरा वर्षं विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे, बॅगा चढवणं-उतरवणं, विमान मागे ढकलणं, हीच रोजची कामं, आणि तुम्ही म्हणताय ती पोरं मी रोज बघतो. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. पैशाचं दुसरं कोणी सांगेल, मी रॅम्पवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या मैदानावरून, जे दिसतं ते सांगतो.

पार्कमध्ये सगळं त्यांच्या हातात असतं. कचऱ्याचा डबा किती पावलांवर हवा इथपासून ते रांगेत उभं असताना समोर काय दिसावं इथपर्यंत. विमानात कंपनीच्या हातात काय असतं? सीट, खाणं, क्रूचं बोलणं, संपलं. आकाश कंट्रोलवाल्यांच्या हातात, गेट विमानतळाच्या हातात, सिक्युरिटी सरकारच्या हातात, आणि उरलेलं ढगांच्या हातात. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी गडगडाट असतो. वीज जवळ आली की रॅम्प बंद होतो, आम्ही सगळे आत येतो, उघड्यावर कोणी थांबायचंच नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे कारण वीज अंगावर पडून माणसं गेलेली आहेत. मग विमान गेटला लागलेलं असतं पण बॅगा उतरत नाहीत, इंधन भरत नाहीत, आलेलं विमान गेटबाहेर उभं राहतं कारण त्याला जागेवर घ्यायला माणूस नाही. अर्धा तास, मग परत एक वीज, परत अर्धा तास. तेवढ्यात पायलटची ड्युटी संपते. ड्युटी किती वाजता सुरू झाली आणि किती उड्डाणं आहेत त्यावर ९ ते १४ तासांची मर्यादा असते, ती ताणायलाही हद्द आहे. ढग गेले, विमान ठणठणीत, माणसं तयार, आणि फ्लाईट कॅन्सल.

अशाच एका जुलैच्या रात्री मी गेटवर स्ट्रोलर परत द्यायला वर गेलो होतो. एक मुलगा चारेक वर्षांचा, डोक्यावर कान तसेच, गालिच्यावर बापाच्या जॅकेटवर झोपलेला, आणि बाप काउंटरवर हळू आवाजात विचारत होता की उद्याचं पार्कचं तिकीट वाया गेलं तर कोण भरून देणार. काउंटरवरच्या पोरीकडे उत्तर नव्हतं. तो माणूस शेवटी एअरलाईनवर चिडला. पार्कवर नाही चिडला. दुसऱ्या दिवशी तो तिथे पोचला असेल तेव्हा त्याच्यासाठी तो दरवाजा अजून तेवढाच छान असणार.

आता विमानाच्या शेपटीवर तेच कान रंगवलेले आहेत असं समजा आणि ती रात्र परत आठवून बघा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

जमाखर्च :

बेल्टलोडर दादांनी सांगितलेलं पटलंच, त्यात पैशाची बाजू जोडतो. मी हिशेबातला माणूस आहे, कंपन्यांचे ताळेबंद वाचायची सवय आहे.

डिस्नीचा पार्क, हॉटेल आणि जहाजांचा जो विभाग आहे त्याने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३४ अब्ज डॉलरच्या आसपास उलाढाल केली आणि त्यावर ९ अब्जांहून जास्त ऑपरेटिंग नफा (व्याज आणि कर जायच्या आधीचा) कमावला. म्हणजे शंभरातले सत्तावीस. जगातल्या सगळ्या एअरलाईन्सचा मिळून निव्वळ नफा चांगल्या वर्षी शंभरात तीन-चार असतो, दर प्रवाशामागे साधारण ७ डॉलर. हे दोन आकडे अगदी एकाच मापाचे नाहीत, एक ऑपरेटिंग आहे आणि एक निव्वळ, पण अंतर एवढं आहे की फरक पडत नाही. डिस्नी वर्ल्डमध्ये एका गाडीच्या दिवसभराच्या पार्किंगला २०२४ मध्ये ३० डॉलर लागायचे. पाचशे-सातशे कोटी रुपयांसारखं विमान विकत घ्यायचं, पायलट ठेवायचे, इंजिनं सांभाळायची आणि चार जणांच्या कुटुंबामागे जे सुटणार ते पार्किंगच्या डांबरी मैदानाएवढंही नाही. कंपनीने २०२३ मध्येच सांगितलंय की दहा वर्षांत साधारण ६० अब्ज डॉलर पार्क आणि जहाजांत घालणार. त्यातला एक डॉलर विमानात घालायचा म्हणजे २७ टक्केवाल्या जागेवरून काढून ३ टक्केवाल्या जागी ठेवायचा.

दुसरं, विमान जमिनीवर उभं असलं की पैसे खातं. दिवसाला दहा-बारा तास उडालं तर गणित जमतं. तुमची गिऱ्हाइकं शाळेच्या सुट्ट्यांत येणार, नाताळात येणार, आणि सप्टेंबरच्या मंगळवारी ती पंचवीस विमानं कोणाला घेऊन उडणार? बाकीच्या कंपन्या त्या दिवशी ऑफिसवाले नेतात. शिवाय माणसं येतात शंभर गावांतून, प्रत्येक गावातून रोज एक विमान भरेल एवढे १८० जण निघत नाहीत.

आणि ओरलँडो म्हणजे काही मोकळं मैदान नाही. वर्षाला ५ कोटी ७० लाखांच्या आसपास प्रवासी, सगळ्या स्वस्त कंपन्या तिथे एकमेकींच्या अंगावर. स्पिरिट तिथली मोठी खेळाडू होती, तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परत केला. ही तिकिटांची मारामारी डिस्नीच्या फायद्याचीच आहे, दुसरे तोटा सोसून त्यांच्या दारात माणसं आणून सोडतायत. स्वतः त्यात उतरायचं कशाला?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. दोन्ही धंद्यांवर वाईट दिवस एकदमच येतो. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले, त्याच आठवड्यात विमानं रिकामी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळ आलं, पार्कही बंद आणि ओरलँडोचा विमानतळही बंद. एक धंदा बसला तर दुसरा सावरून धरेल असं इथे होतच नाही.

धावपट्टी७१ :

मी जरा उलट बाजूने बोलतो, कारण दोघांनी मिळून ताईंना फार लवकर नाही म्हटलंय.

पहिलं म्हणजे डिस्नी आणि विमान हे नातं जुनं आहे. वॉल्ट डिस्नी यांचं ग्रुमन गल्फस्ट्रीम होतं, शेपटीवर एन२३४एमएम, फ्लोरिडाच्या जमिनीच्या कामासाठी चकरा त्यातून व्हायच्या, आज ते पाम स्प्रिंग्जच्या विमान संग्रहालयात आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये डिस्नी वर्ल्ड उघडलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जागेत छोटा विमानतळ होता, लेक ब्युएना व्हिस्टा नावाचा, साधारण २००० फुटांची धावपट्टी, शॉनी नावाची कंपनी तिथे छोटी ट्विन ऑटर विमानं आणायची. थोड्याच काळात ती सेवा बंद पडली हे खरं. पुढे त्याच धावपट्टीवर अशा खाचा पाडल्या होत्या की ठरावीक वेगाने गाडी गेली की चाकांतून त्यांच्याच एका गाण्याची धून वाजायची. मी लहानपणी हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून या विषयात अडकलोय, नावात ७१ आहे ते त्याचंच.

दुसरं, जहाजांच्या वेळीही लोक हेच म्हणाले असते. १९८० च्या दशकात डिस्नीने स्वतःचं जहाज नाही घेतलं, प्रीमियर नावाच्या कंपनीच्या लाल जहाजांवर आपली पात्रं पाठवली, करार होता. तिथे गिऱ्हाईक कसं वागतं ते बघितलं आणि मग स्वतः उतरले. आज त्यांच्या जहाजांना बाकीच्यांपेक्षा जास्त भाडं मिळतं. मग विमानात का नाही? व्हर्जिन म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्ड विकणारे लोक, १९८४ मध्ये एक भाड्याचं जम्बो घेऊन अटलांटिकवर उतरले आणि चाळीस वर्षं झाली, उडतायत.

तिसरं, विकतच घ्यायला पाहिजे असं कुठेय? वेट लीज करा. विमान, पायलट, मेंटेनन्स, इन्शुरन्स सगळं दुसऱ्याचं, आत क्रूचे कपडे आणि खाणं आपलं. २०२३ च्या जुलैमध्ये डिस्नीने हे केलेलंच आहे की. जगातले बाराही पार्क २४ दिवसांत, ७५ माणसं, आइसलँडएअरचं बोइंग ७५७, माणशी १ लाख ९ हजार ९९५ डॉलर. आणि गिऱ्हाईक मिळालं.

जमाखर्च :

धावपट्टी७१, माहिती झकास, तो खाचांचा किस्सा मला माहीत नव्हता. पण उदाहरणं तुमच्या बाजूने जात नाहीत असं मला वाटतं.

ते ७५ जणांचं विमान म्हणजे टूर होती, एअरलाईन नव्हे. सगळी माणसं एकत्र निघणार, एकत्र येणार, उशीर झाला तर विमान त्यांच्यासाठी थांबणार. लाख डॉलर दिलेल्या माणसाला सांभाळणं आणि दीडशे डॉलरचं तिकीट काढलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला सांभाळणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

वेट लीजसारख्या पद्धतीने रोजची एअरलाईन चालवायचा प्रयोगही झालाय. हूटर्स या रेस्टॉरंटवाल्यांनी २००३ मध्ये मर्टल बीचवरून एअरलाईन काढली, विमानं पेस नावाची कंपनी उडवायची, नाव आणि रंग यांचा. २००६ मध्ये बंद. ट्रम्प यांनी १९८९ मध्ये ईस्टर्न एअरलाईन्सची शटल सेवा ३६ कोटी ५० लाख डॉलरला घेतली, आत लाकडी पॅनल आणि सोनेरी नळ बसवले, पाऊण-एक तासाच्या प्रवासात माणसाला नळ नको होता, वेळेवर पोचायचं होतं. १९९२ पर्यंत ते नाव गेलं. आणि व्हर्जिनबद्दल बोलायचं तर ते आधीपासून बंडखोर ब्रँड होते, मोठ्या कंपनीला टक्कर देणारे, एखादी रात्र चुकली तर लोक सांभाळून घेतात. डिस्नीला लोक सांभाळून घेत नाहीत, कारण तिथे आईबापांनी पोरांना शब्द दिलेला असतो.

उलट दिशेने गेलेलेही आपटलेत. युनायटेड एअरलाईन्सने १९८७ मध्ये अलेजिस नाव घेऊन विमानं, हर्ट्झच्या गाड्या, वेस्टिन आणि हिल्टन इंटरनॅशनलची हॉटेलं एका छत्राखाली आणली, घरापासून हॉटेलपर्यंत सगळं आमचंच, ताई म्हणतायत तेच स्वप्न. शेअरहोल्डर पेटून उठले, प्रमुख रिचर्ड फेरिस यांना त्याच वर्षी जावं लागलं आणि गाड्या-हॉटेलं विकून टाकली. अलीकडचं म्हणजे अलिजंट, सुट्टीवाल्यांनाच नेणारी चांगली चालणारी एअरलाईन, तिने फ्लोरिडात सनसीकर रिसॉर्ट बांधलं, डिसेंबर २०२३ मध्ये उघडलं आणि २०२५ मध्ये खर्चाच्या मानाने फारच कमी, २० कोटी डॉलरला विकलं.

खिडकीबाई :

एक मुद्दा राहिला, पॅकेजवाल्यांचा. युरोपात टुई ही कंपनी हॉटेल, जहाज, विमान सगळं स्वतःचं ठेवते आणि चालवते. त्यांची विमानं त्यांच्याच पॅकेजच्या माणसांनी भरतात, त्यामुळे सप्टेंबरचा मंगळवार त्यांना आधीच माहीत असतो, त्याप्रमाणे विमान ठेवायचं किंवा दुसऱ्याला भाड्याने द्यायचं. ब्रिटनहून फ्लोरिडालाही ते स्वतःच्या विमानाने माणसं नेतात. म्हणजे अशक्य नाही हो. फक्त ती कंपनी मुळात प्रवास विकणारी आहे, तिला विमान म्हणजे कच्चा माल. थॉमस कुकचंही तसंच होतं, १८४१ पासूनचं नाव, २३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे बंद पडलं आणि परदेशात अडकलेल्या दीड लाख ब्रिटिश लोकांना सरकारने विमानं भाड्याने घेऊन परत आणलं. त्या बातम्यांत विमानतळावर ट्रॉलीवर बसून राहिलेली मुलं दाखवायचे, ते बघवत नव्हतं.

आणि रंगरंगोटीच हवी असेल तर ती भाड्याने मिळते. सीवर्ल्ड या सागरी पार्कचा काळा-पांढरा किलर व्हेल साउथवेस्ट एअरलाईन्सच्या विमानांवर १९८८ पासून होता, २०१४ पर्यंत. अलास्का एअरलाईन्सने डिस्नीलँडची चित्रं असलेली विमानं उडवलीत. एक पैसा इंधनाचा न देता शेपटीवर आपलं चित्र.

आभाळवेडी :

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप छान वाटलं. एअरलाईन विकत घेण्याची माझी कल्पना मी सोडली, ते आकडे बघून दुसरं काही म्हणता येत नाही. पण एक शंका आहे. बेल्टलोडर दादा, जहाजालाही वादळ लागतंच ना? तिथेही समुद्र त्यांच्या हातात नाही. मग तिथे कान रंगवलेले चालतात आणि विमानावर नाही, असं का?

बेल्टलोडर :

ताई, हा खरा प्रश्न आहे, यावर मी रात्री शिफ्टला विचार करत होतो.

जहाज बंदरातून दोन तास उशिरा निघालं तर तोपर्यंत तुम्ही आत आहात, खाताय, पोरं स्लाईडवर आहेत, निघालं कधी ते कळतही नाही. वादळ आलं तर कप्तान दुसऱ्या बंदरात नेतो, सुट्टी चालूच राहते. म्हणजे जहाज हेच पोचायचं ठिकाण आहे. विमानातला प्रत्येक मिनिट मात्र माणसाला वाया गेल्यासारखा वाटतो, कारण त्याला दुसरीकडे जायचंय. तुमच्या मुलीने बरोबर विचारलं, अजून सुरू नाही झालं का. विमानात काहीही ठेवलं तरी ते सुरू होत नाही.

कायद्याचीही गोष्ट आहे. त्यांच्या जहाजांवर बहामाजचा झेंडा आहे, मधे एक परदेशी बंदर घेतलं की अमेरिकेतून माणसं नेता येतात, खर्च खाली येतो. विमानाला ती सोय नाही. अमेरिकेतल्या दोन शहरांमध्ये उडायचं तर कंपनी अमेरिकन, सर्टिफिकेट तिथलं, को-पायलटलाही साधारण १५०० तासांचं उड्डाण पाहिजे, पगार बाजारभावाने.

पण तुमच्या यादीतली एक गोष्ट त्यांनी केलेली होती आणि ती मी हाताने हाताळली आहे, म्हणून परत लिहायला बसलो. बॅग थेट खोलीत. मॅजिकल एक्सप्रेस नावाची बससेवा होती, २००५ ला सुरू झाली, त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना विमानतळावरून फुकट. जायच्या आधी घरी पिवळे टॅग यायचे, ते बॅगेला लावून आपल्या विमानतळावर बॅग द्यायची आणि विसरून जायची. ओरलँडोला उतरलं की बॅगांच्या पट्ट्याकडे जायचंच नाही, सरळ बस, बॅग मागाहून खोलीत. परत येताना हॉटेलातच बॅग चेक-इन आणि बोर्डिंग पास.

मी तेव्हा दुसऱ्या शहरात नवीन होतो, ओरलँडोच्या फ्लाईटला बॅगा चढवायचो. डब्यात काळ्या-निळ्या बॅगांच्या ढिगात ते पिवळे टॅग लांबूनच दिसायचे. कुठल्याही एअरलाईनचं विमान असो, टॅग तोच. म्हणजे त्यांनी विमान न घेता विमानाच्या दोन्ही टोकांना हात घातला होता, जिथे आईबाप सगळ्यात दमलेले असतात तिथे, आणि वीज, ढग, पायलटची ड्युटी हे सगळं दुसऱ्याच्या गळ्यात तसंच ठेवलं होतं. याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही. ती बससेवा त्यांनी २०२१ च्या शेवटी बंद केली. आता उतरल्यावर सगळे पट्ट्याशी उभे असतात.

धावपट्टी७१ :

एअरलाईनचा माझा मुद्दा मी मागे घेतो, पण मग माझी मागणी ही राहील की तो पिवळा टॅग परत आणावा, पैसे घेऊन आणला तरी चालेल. ताई, तुम्ही किती द्याल त्याचे?

आभाळवेडी :

मी विमानाच्या महाग तिकिटाला जेवढे जास्त द्यायला तयार होते तेवढे सगळे. त्या दिवशी आम्ही पट्ट्याशी पन्नास मिनिटं उभे होतो, धाकटी झग्यासकट माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि हॉटेलचा दरवाजा तिने बघितलाच नाही.